आवाजाला विश्रांती

विश्रांतवाडी, पुणे
३ ऑगस्ट २०००

प्रिय दत्तोबा,

सप्रेम जयभीम.

तू फोन केलास तेव्हा सुशीलाने "ते बोलत नाहीत" असं सांगितलं आणि तुला वाटलं मी रागावलोय. रागावलेलो नाही. तुझ्या डॉक्टर चिरंजीवांचा हुकूम आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा बसलेला आवाज अजून उठायला तयार नाही. वर्गात मी कुजबुजतो आणि पोरं दंगा करतात. शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं शिकवायची माझी खोड आता मलाच नडते आहे.

शुभंकरने बॅटरी मारून घसा पाहिला. म्हणाला, "सर, हा मास्तरांचा घसा आहे. आवाजाला विश्रांती द्या, गोळ्या देतो." आठवीपासून बारावीपर्यंत जो पोरगा माझ्या घरी राहून माझ्यासमोर तोंड उघडायला घाबरायचा, तो आता मला 'आ करा' म्हणतो. बरं वाटलं. त्याच्या नव्या हॉस्पिटलात बसायला जागा नव्हती, तरी मला बघितल्यावर त्याने आधी आत घेतलं. लोक कुरकुरले. मी मान ताठ करून आत गेलो.

प्रियदर्शनी सॉफ्टवेअर कंपनीत लागली हे तुला कळलंच असेल. कंपनीची गाडी तिला न्यायला चौकात येते. आई तिला अजून डबा देते, तो ती तसाच परत आणते.

बोलता येत नाही तोवर पत्रं लिहीन. तूही लिही. अक्षर कसंही असो.

तुझा,
सीताराम

---

लोणी काळभोर
१६ ऑगस्ट २०००

मास्तर,

जयभीम. पत्र पोचलं. गोदानं दोनदा वाचून घेतलं. पोरानं तुला आधी आत घेतलं तिथं आली की थांब म्हणायची आणि डोळे पुसायची.

रेल्वेतनं रिटायर झाल्यापासून मला काम न्हाई. दिवसभर पारावर बसतो आणि लोकं मला 'डॉक्टरचा बाप' म्हणत्यात. ते तुझ्यामुळं. माझ्याकडं राहिला असता तर तोबी माझ्यासारखा मालधक्क्यावर पोती मोजत बसला असता.

घशाची काळजी करू नको. लोकं डॉक्टरच्या दारात ताटकळत्यात, आपल्या तर घरातच डॉक्टर हाय. दिवाळीच्या सुट्टीत येतो, तेव्हा भेटू. सुशीलावैनीला आणि पोरीला जयभीम सांग.

तुझा
दत्तोबा

---

विश्रांतवाडी, पुणे
२६ नोव्हेंबर २०००

प्रिय दत्तोबा,

सप्रेम जयभीम.

तू येऊन गेलास, घर भरल्यासारखं वाटलं. सुशीला म्हणते, आपण दोघं गप्पा मारत होतो की एकटा दत्तोबाच बोलत होता ते शेजाऱ्यांना विचारायला पाहिजे.

तू गेल्यापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. त्या दिवशी शुभंकरच्या तपासायच्या खोलीत तू माझ्या शेजारीच बसला होतास. मी त्याला विचारलं, "घशाच्या डॉक्टरला एकदा दाखवू का?" तो हसून म्हणाला, "कशाला सर? ते उगीच नळ्या घालतील. ॲसिडिटी वर येते आहे तुमची. मी आहे ना." तूही म्हणालास, तो आहे ना. मग मी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन उठलो.

गोळ्या बदलल्या, पण फरक नाही. गिळताना आता कानापर्यंत कळ जाते. प्रियदर्शनी म्हणते, बाबा, दुसऱ्याला दाखवा. मी तरुणपणी बिडी ओढायचो हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे, तेच धरून बसली आहे. पण दुसऱ्याकडे गेलो आणि शुभंकरला कळलं तर त्याला काय वाटेल? सरांनाच आपला भरवसा नाही, असंच ना? ते मला जमणार नाही.

तुझा,
सीताराम

---

लोणी काळभोर
९ जानेवारी २००१

मास्तर,

जयभीम. उत्तराला उशीर झाला. शुभंकरकडंच होतो. त्याला कंपन्यांची कामं मिळाली हायत. नोकरीला लागणाऱ्या पोरांची तपासणी त्याच्याकडं होती. सोनोग्राफीचं मशीन घेतलं. बिचाऱ्याला जेवायला सवड न्हाई.

तुझं त्याला सांगितलं. म्हणाला, "सर फार विचार करतात." तेव्हा विचार करू नको. गोदानं आवळ्याचा मुरंबा दिलाय, घशाला चांगला.

दत्तोबा

---

पुणे
११ जून २००१

प्रिय दत्तोबा,

हे पत्र हॉस्पिटलमधून लिहितो आहे. शुभंकरच्या नव्हे.

मे महिन्यात एका दुपारी जेवताना मला श्वास लागला. प्रियदर्शनी सुट्टीमुळे घरी होती. तिने रिक्षा बोलावली आणि मला न विचारता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझी जीभ फडक्यात धरली, आरसा आत घातला, पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकून बसले. विचारलं, "आवाज कधीपासून असा आहे?" मी बोटांवर महिने दाखवले. "इतके दिवस कोणाला दाखवलं नाहीत?" प्रियदर्शनी म्हणाली, "दाखवत होतो. दर पंधरा दिवसांनी दाखवत होतो."

कॅन्सर आहे. स्वरयंत्रावर सुरू झाला आणि आता बाहेर पसरला आहे. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. आवाज बसून तीन आठवडे झाले की हा आरसा घालायचाच असतो. सुरुवातीला कळलं असतं तर नुसत्या किरणोपचारांनी गेला असता आणि आवाजही राहिला असता. आता स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला पुढून एक भोक ठेवतील, श्वास तिथून घ्यायचा. नाकातून नाही, तोंडातून नाही.

परवा ऑपरेशन आहे. काल संध्याकाळी सुशीला आणि पोर कॉटजवळ बसल्या होत्या. मी जो काही आवाज उरला होता त्यात बुद्धवंदना म्हटली. दोघी माझ्यामागून म्हणत होत्या. शेजारच्या कॉटवरच्या माणसाने रेडिओ बंद केला.

शुभंकरला निरोप दिला आहे. अजून आला नाही. कामात असेल. तू ये. बोलता येईल तोवर तुझ्याशी बोलायचं आहे.

सीताराम

---

लोणी काळभोर
२ जुलै २००१

मास्तर,

जयभीम. पत्र वाचून गोदानं दिवसभर चूल पेटवली न्हाई. माझा गुडघा सुजलाय म्हणून येता आलं न्हाई. ऑपरेशन नीट झालं असं कळलं.

शुभंकर लई रडला. तो तुझ्यापुढं यायला धजत न्हाई. तो म्हणतो, "मी सरांना सांगितलं होतं, घशाच्या डॉक्टरकडं जाऊन या. सर ऐकत नव्हते." तुला आजारपणात आठवत नसंल. असं होतं. तू मनाला लावून घेऊ नको.

लवकर बरा हो.

दत्तोबा

---

विश्रांतवाडी, पुणे
२० ऑगस्ट २००१

दत्तोबा,

तुझं पत्र मी उशीखाली ठेवून बरेच दिवस उत्तर टाळलं. वाटलं, घाईत लिहिलं असशील.

मला सगळं आठवतं. माझा घसा कापला आहे, डोकं नाही.

घरी आलो त्या दिवशी आंघोळीला बसलो. तांब्या ओतणार इतक्यात सुशीलाने हात धरला. गळ्यातल्या भोकात पाणी गेलं तर माणूस बुडतो, बसल्या जागी. आता मानेला पंचा बांधून ती मला लहान मुलासारखी आंघोळ घालते. शाळेत राजीनामा दिला. मुलं भेटायला आली होती. एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही बोलत का नाही?" मी फळ्यावर लिहितो तसं पाटीवर लिहिलं, 'सुट्टी आहे.' ती हसली. मला हसताही येत नाही, दत्तोबा. आवाज न येता फक्त खांदे हलतात.

शुभंकर शेवटी आला. फळं घेऊन आला, हात जोडून उभा राहिला आणि सुशीलाला म्हणाला, "काकू, मी सरांना किती वेळा म्हटलं होतं." सुशीलाने त्याला पाच वर्षं जेवू घातलं आहे. तिने फळांची पिशवी उचलली आणि त्याच्या हातात परत दिली. मी पाटी शोधत होतो. सापडेपर्यंत तो जिना उतरून गेला होता.

चूक झाली म्हणून मी त्याच्याशी भांडलो नसतो. एवढ्या गर्दीत चुका होतात. पण तो सगळ्यांना सांगत फिरतो आहे की सरांनी हट्ट केला. हे मात्र मी राहू देणार नाही. प्रियदर्शनीने एक वकीलबाई गाठल्या आहेत. ग्राहक मंचात तक्रार करतो आहोत. तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मीच लिहिलं.

सीताराम

---

लोणी काळभोर
७ ऑक्टोबर २००१

सीताराम,

जयभीम. शुभंकरला नोटीस आली. त्याची बायको माहेरी जाऊन बसली. हॉस्पिटलात बसायला जागा नसायची, आता खुर्च्या रिकाम्या असत्यात.

तुला दुःख झालंय, मला कळतं. पण जरा विचार कर. आपल्या लोकांतनं किती डॉक्टर झाले? वाडीतल्या बायका दुसरीकडं जायला लाजायच्या, त्या त्याच्याकडं जात्यात. उद्या पेपरात आलं तर लोकं काय बोलतील ते तुला सांगायला नको. हे असलेच डॉक्टर व्हायचे, असं म्हणतील. पुढं आपल्या पोरांकडं कोण येईल? छप्पन साली आपण दोघं पांढरी कापडं घालून वडलांच्या मागनं दीक्षेला चालत गेलो, ते आपसात कोर्टात उभं राहायला का?

काढून घे. मी तुझ्या पाया पडतो.

दत्तोबा

---

विश्रांतवाडी, पुणे
४ नोव्हेंबर २००१

दत्तोबा,

तुझा मुद्दा खोटा नाही. ते लोक तसंच बोलतील. मी आठ दिवस त्यावरच विचार केला.

पण मी शुभंकरकडे गेलो ते आपला म्हणून नाही, चांगला डॉक्टर आहे म्हणून गेलो. परीक्षेत त्याला मी कधी एक गुण जास्त दिला नाही. आपल्यातला आहे म्हणून त्याचं खोटं चालवून घ्यायचं असेल, तर त्याला बाहेरचे जे म्हणतील तेच आपणही म्हणतोय असं होईल. आणि वाडीतल्या ज्या बायका त्याच्याकडे जातात, त्यांचं काय? उद्या त्यांच्यातली एखादी गाठ दाखवायला आली तर तिलाही तो 'मी आहे ना' म्हणेल.

समाजाची अब्रू सगळ्यांनी मिळून सांभाळायची असते. ती एकट्या माझ्या गळ्यात का? तिथे आता जागाही नाही.

मला तुझ्याकडून एकच हवं आहे. माझ्या बाजूने बोलू नकोस. त्याच्या विरुद्धही बोलू नकोस. त्या दिवशी खोलीत आपण तिघंच होतो. मी काय विचारलं आणि तो काय म्हणाला, तेवढं सांग. पुढे जे व्हायचं ते होऊ दे. लोणीहून इथे यायला दोन बस लागतात. गुडघा दुखत असेल तर प्रियदर्शनी रिक्षा घेऊन येईल.

सीताराम

---

लोणी काळभोर
१४ जानेवारी २००२

सीताराम,

जयभीम. त्या दिवशी काय बोलणं झालं ते मला आठवत न्हाई. वय झालं.

दत्तोबा

---

विश्रांतवाडी, पुणे
२३ ऑगस्ट २००२

दत्तोबा,

काल मंचात तारीख होती हे तुला सांगायला नको. तूही आला होतास. व्हरांड्यात खांबाजवळ उभा होतास. मला बघून तू भिंतीकडे तोंड केलंस आणि तिथे लावलेली नोटीस वाचायला लागलास. ती इंग्रजीत होती.

आत काय झालं ते तुला सांगतो, कारण तू आत आला नाहीस.

शुभंकरच्या वकिलाने तुझं जुलैतलं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. 'माझ्या समक्ष माझ्या मुलाने तक्रारदारास घशाच्या तज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला दिला. तक्रारदाराने, मला तुझ्यावर विश्वास आहे, दुसऱ्याकडे जाणार नाही, असे उत्तर दिले.' जानेवारीत तुला काही आठवत नव्हतं. जुलैत सगळं आठवलं, शब्दासकट. शिवाय मी जो विश्वास ठेवला, तोच माझा गुन्हा म्हणून लिहिलास.

वकील म्हणाला, "तक्रारदार स्वतः शिक्षक आहेत. सुशिक्षित माणसाने ऐकलं नाही तर डॉक्टर काय करणार? आणि साक्षीदार तक्रारदाराचे बालमित्र आहेत. ते खोटं कशाला बोलतील?"

मी उठून उभा राहिलो. खोटं आहे, असं ओरडायचं होतं. गळ्यातून नुसती हवा फुसफुसली आणि कफ उडाला. समोर बसलेल्या मंचाच्या सदस्य बाई दचकून मागे सरकल्या. मी रुमाल धरला, दुसऱ्या हाताने कागदावर लिहायला लागलो. प्रियदर्शनी म्हणाली, "साहेब, जरा थांबा, बाबा लिहीत आहेत." मंचाचे अध्यक्ष साहेब भले होते, थांबले. पण सगळी खोली आपल्याकडे बघत असताना लिहिलं जात नाही. मी 'खोटं' एवढंच लिहिलं. साहेबांनी कागद बघितला आणि हळू आवाजात म्हणाले, "रणपिसे सर, ते तुमचं म्हणणं आहे. ते नोंदवलं आहे."

शुभंकर समोरच बसला होता. पूर्ण वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होता. आठवीत गृहपाठ केला नसला की असाच बसायचा.

बाहेर आलो तेव्हा तू नव्हतास.

सीताराम

---

लोणी काळभोर
१७ फेब्रुवारी २००३

मास्तर,

जयभीम. निकाल कळला. तुझी तक्रार काढून टाकली. मला आनंद झाला असं समजू नको. गोदा माझ्याशी बोलत न्हाई. ताट वाढती आणि मागल्या दारी जाऊन बसती.

एकुलता एक पोरगा हाय. म्हातारपणी बापानं काय करायचं असतं ते तूच सांग. तू मास्तर, तुला पुस्तकं ठावी हायत. मला माझं पोर ठावं.

झालं ते झालं. प्रियदर्शनीचं लग्न ठरलंय असं ऐकलं. आम्हाला बोलाव. चार लोकांत आपण दोघं शेजारी बसलो की लोकांची तोंडं बंद होतील. शुभंकरबी येईल. त्याला तुझ्या पाया पडायचंय. आपण किती दिवस जगणार हाय?

तुझा
दत्तोबा

---

विश्रांतवाडी, पुणे
९ मार्च २००३

दत्तोबा,

शुभंकर पाया पडून गेला. तुला सांगितलं नसेल. निकालानंतरच्या रविवारी दुपारी एकटाच आला. सुशीला आत निघून गेली. तो माझ्या पायांशी खाली बसला आणि म्हणाला, "सर, आता मनात काही ठेवू नका."

मी पाटीवर लिहिलं, 'घशात आरसा घालून बघायला किती वेळ लागतो?'

त्याने पाटी वाचली. मग म्हणाला, "फारसा नाही, सर."

मी लिहिलं, 'तुझ्याकडे आरसा होता?'

"नव्हता. म्हणूनच पाठवायला हवं होतं."

'मग मला पाठवलंस का?'

तो उठला. चप्पल घालताना दाराकडे तोंड करून म्हणाला, "सर, मी कबूल केलं असतं तर संपलो असतो." मला पाटी दाखवायची होती, पण तो वळला नाही. हल्ली माझ्याशी बोलणं सोपं झालं आहे. ज्याला उत्तर नको असेल त्याने फक्त पाठ फिरवायची.

मंचाने चूक केली असं मी म्हणत नाही. माझ्याकडे माझा शब्द होता, त्याच्याकडे तुझा. त्यांनी मोजलं. ज्यांनी माझं ऑपरेशन केलं, त्या डॉक्टरांनी उशीर झाला असं लिहून दिलं होतं. पण तो उशीर कोणामुळे झाला ते त्यांना माहीत नव्हतं. ते माहीत असणारी या जगात तीनच माणसं आहेत. त्यांतली दोन बापलेक निघाली.

बापाने काय करायचं असतं, असं तू विचारतोस. मला पुस्तकातलं उत्तर येत नाही. पण त्याला तू माझ्या दारात सोडलंस त्या दिवशी म्हणाला होतास, "आजपासून याचा बाप तू." मी ते खरं धरलं. मी त्याचा बाप असतो तर त्याचा हात धरून त्या खोलीत उभा राहिलो असतो आणि म्हटलं असतं, सांग. कदाचित त्याचं हॉस्पिटल बंद पडलं असतं. पण तो माझ्याकडे बघू शकला असता.

लग्नाचं बोलावणं येणार नाही. प्रियदर्शनीने विचारलं, "बाबा, गोदाकाकूंना तरी?" त्यांना पत्रिका जाईल, त्यांच्या नावाने. त्या एकट्या आल्या तर सुशीला त्यांना शेजारी बसवून घेईल. त्या दिवशी वंदना मी म्हणणार होतो. आता प्रियदर्शनीचा मामा म्हणेल. तो बेसूर आहे, पण काय करणार.

आम्ही राज्य ग्राहक आयोगाकडे अपील केलं आहे. वकीलबाई म्हणतात, आशा कमी आहे. मला आशेची फारशी गरज नाही.

आठवड्यातून दोनदा मी हॉस्पिटलात बोलायला शिकायला जातो. हवा गिळायची आणि ढेकर देतो तशी वर आणून तिचा शब्द करायचा. शिकवणाऱ्या ताई वयाने प्रियदर्शनीएवढ्या आहेत, पण माझ्यापेक्षा कडक. पहिले दोन महिने नुसते 'प' आणि 'ट' निघाले. आवाज डबक्यातल्या बेडकासारखा येतो. खालच्या मजल्यावरचं पोर तो ऐकून आईला जाऊन बिलगलं. सुशीलाला मात्र कळतं. परवा मी 'चहा' म्हणालो तर ती ओट्यापाशी उभी राहून रडली, आणि मग चहात साखर घालायला विसरली.

ताईंनी विचारलं, "सर, आधी कोणतं वाक्य शिकायचं? बहुतेक जण बायकोचं किंवा नातवाचं नाव शिकतात." मी त्यांना वाक्य लिहून दिलं. त्या म्हणाल्या, जरा लांब आहे, दम पुरायचा नाही. मी लिहिलं, तोडून तोडून म्हणेन. रोज सकाळी गच्चीवर जाऊन म्हणतो. सुरुवातीला दोन शब्दांवर हवा संपायची. या आठवड्यात एकदा शेवटपर्यंत पोचलो.

आयोगासमोर पाटी नेणार नाही. उभा राहीन आणि हेच वाक्य म्हणेन. किती वेळ लागेल तो लागो, ऐकणारे दचकोत किंवा हसोत.

"मी विचारलं होतं. तो नको म्हणाला. दत्तोबा तिथे होता."

सीताराम रणपिसे